इंजिन आलं, आता क्लच कुणाचा घ्यायचा?

इंजिन बदलण्याबद्दल या वेळी तीन पत्रं आली आहेत. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्यातली अडचण अनेकांची आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांची १९९१ची जिप्सी ४१० माझ्याकडे आहे, चार गिअरची. तिचं इंजिन दोनदा बोअर झालंय, आता त्यात काही उरलं नाही. गाडी विकायची नाही म्हणून कुर्ल्याच्या स्क्रॅपमधून एस्टीमचं १.३ एमपीएफआय इंजिन आणलं. मिस्त्रींनी ते आमच्या गिअरबॉक्सला लावून पाहिलं, तर बेल हाउसिंगची, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या घराची, भोकं जुळत नाहीत. ते म्हणतात मधे लोखंडी प्लेट बनवून बसवू, क्लच मात्र हेवी टाका. इंजिनाबरोबर एस्टीमचं फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट आली आहे. ती चालेल का? एक मित्र सिरॅमिक बटणांची प्लेट टाक म्हणतो. गाडी कुंभार्ली घाटात आणि शेतावर चालते. नक्की काय घेऊ?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, वडिलांची गाडी राखायची म्हणून एवढं करताय, त्यामुळे मन लावून लिहितो. ती मधली लोखंडी प्लेट बनवायला टाकली नसेल तर आजच मिस्त्रींना थांबवा.

इंजिन आधी घरी येतं आणि गिअरबॉक्सचा विचार नंतर होतो, तिथे गणित चुकतं. इंजिन बदलताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी : क्लचचे निम्मे भाग इंजिनाचे असतात आणि निम्मे गिअरबॉक्सचे. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) बसतं आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे हे दोन इंजिनाकडचे. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्लाइन (खाचा) गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टवर सरकतात, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सच्या पुढच्या नळीवर चालतं आणि ते ढकलणारा फोर्क बेल हाउसिंगमध्ये असतो. हे तिन्ही गिअरबॉक्सकडचे. एका गाडीचं इंजिन आणि दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स घेतलात, की हे दोन गट एकमेकांशी जुळतात का हे तुम्हाला एकेक करून तपासावं लागतं. त्यातला एक जरी सुटला, तरी गिअरबॉक्स पुन्हा खाली.

तुमच्या ४१०चं मूळ इंजिन ९७० सीसीचं. एस्टीमचं १.३ वेगळ्या घराण्यातलं, म्हणून भोकं जुळली नाहीत. पण १९९६मध्ये जिप्सी किंग आली ती १.३ इंजिन आणि पाच गिअर घेऊन, आणि ते इंजिन एस्टीमच्या घराण्यातलंच. म्हणजे तुमच्या इंजिनाला बसणारा गिअरबॉक्स कंपनीनेच बनवून ठेवलाय. प्लेटवर आणि टर्नरवर पैसे घालण्यापेक्षा किंगचा पाच गिअरचा गिअरबॉक्स शोधा. घेताना नुसता गिअरबॉक्स उचलू नका. बेल हाउसिंग, फोर्क, केबलचा ब्रॅकेट, फ्लायव्हील, सेल्फ, मागचं फाउंडेशन (गिअरबॉक्स टेकतो तो आधार), सगळं एकाच गाडीचं मागा. स्क्रॅपवाले ‘हे वेगळं, ते वेगळं’ म्हणतील. दोन हजार जास्त गेले तरी द्या, पण संच फोडू देऊ नका.

‘एस्टीमचं फ्लायव्हील आहेच की घरात’ असं तुम्हाला वाटेल. ते वापरू नका, आणि याचं कारण नीट समजून घ्या. एस्टीममध्ये इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. तिच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट स्वतःच्याच घरात दोन्हीकडे बेअरिंगवर टेकलेला असतो, त्याला इंजिनाचा आधार लागत नाही. जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. गिअरबॉक्सचा लांब शाफ्ट पुढे येतो आणि त्याचं बारीक टोक फ्लायव्हीलच्या मध्यावरच्या छोट्या बेअरिंगमध्ये बसतं. त्याला कुणी पायलट म्हणतं, कुणी स्पिगॉट. एस्टीमच्या फ्लायव्हीलमध्ये त्या बेअरिंगला घरच नाही. तरीही गाडी जोडली जाते, चालूही होते, आणि घात होतो तो यामुळेच.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक जिप्सी माझ्याकडे आली होती, दुसरीकडे इंजिन बदललेली. तक्रार एवढीच, की क्लच दाबला की आतून घरघर येते आणि पहिला गिअर करकरत पडतो. गिअरबॉक्स उतरवला. इनपुट शाफ्टचं टोक हाताने धरून हलवलं तर ते चार-पाच मिलिमीटर डोलत होतं. क्लच प्लेटच्या हबचे रिव्हेट सैल झाले होते, डॅम्परच्या चारपैकी दोन स्प्रिंगा बेल हाउसिंगच्या तळाशी पडल्या होत्या, आणि स्प्लाइनवर नख फिरवलं की पायरी लागत होती. सगळं कशामुळे? तळहातावर मावेल एवढं एक बेअरिंग कुणी बसवलंच नव्हतं. मालकाला क्लच, इनपुट शाफ्ट आणि पुढचं बेअरिंग असा तिहेरी खर्च पडला.

म्हणून फ्लायव्हील किंगचं. बसवण्याआधी क्रँकच्या मागच्या तोंडावरचे बोल्ट मोजा, त्यांच्या वर्तुळाचा व्यास व्हर्नियरने घ्या आणि फ्लायव्हीलवरच्या मापाशी ताडून पाहा. घराणं तेच असलं तरी हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही. पायलट बेअरिंग नवीनच टाका, जुनं कितीही गुळगुळीत फिरलं तरी. फ्लायव्हीलचं तोंड निळं पडलं असेल किंवा बारीक चिरा दिसत असतील तर टर्नरकडून फेसिंग करून घ्या. ज्या फ्लायव्हीलमध्ये प्रेशर प्लेट बसायची कड आणि घासायचं तोंड वेगळ्या पातळीवर असतं, तिथे दोन्हीकडून सारखंच काढायला सांगा. नुसतं तोंड घेतलं, की प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि नवा क्लच पहिल्या घाटातच घसरतो.

आता ‘हेवी क्लच’. तुमचं इंजिन फार तर १०३-१०४ न्यूटन-मीटर टॉर्क देणारं. क्लच किती पेलतो याचा हिशेब सोपा आहे : दाब, गुणिले घर्षणांक, गुणिले प्लेटची सरासरी त्रिज्या, गुणिले दोन, कारण प्लेटला दोन बाजू. उदाहरण म्हणून बाहेरून १९० आणि आतून १३० मिलिमीटरची प्लेट धरा. सरासरी त्रिज्या ८० मिलिमीटर. दाब ३५०० न्यूटन आणि घर्षणांक ०.३ धरला तर १६८ न्यूटन-मीटर येतात. इंजिनाच्या टॉर्कच्या सव्वा ते दीडपट क्षमता असली की रोजच्या गाडीला पुरते, आणि इथे ती दीडपटीच्याही वर गेली. मग अजून हेवी कशासाठी? जिप्सीचा क्लच केबलवर आहे. दाब वाढवलात की पाय दुखेल, केबल तुटेल, फोर्क वाकेल. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : तुम्ही पेडल दाबता तो सगळा जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकवर जातो आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरना तो सोसावा लागतो. हेवी क्लचने क्रँकचा पुढे-मागे खेळ वाढलेली इंजिनं मी उघडलेली आहेत.

सिरॅमिक बटणांची प्लेट तर नकोच. ती शर्यतीच्या गाडीसाठी. ती एकदम पकडते, हळूहळू पकडणं तिला जमत नाही. कुंभार्लीत ट्रकमागे चढावर थांबून पुन्हा उठायचं, शेतात चिखलातून इंच-इंच मागे घ्यायची, ही तुमची रोजची कामं. तिथे गाडी हिसके देईल आणि तो प्रत्येक हिसका प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनच्या गिअरवर जाईल. साधी ऑरगॅनिक लायनिंगची, मधे स्प्रिंगा असलेली किंगची प्लेट घ्या. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच डब्यातलं, एकाच कंपनीचं. दुकानातच इनपुट शाफ्टवर प्लेट सरकवून बघा. ती बोटाच्या जोराने सरकली पाहिजे आणि गोल फिरवताना खडखड खेळ नको. गिअरबॉक्स दुकानात न्यायला लाज वाटून घेऊ नका, मी कित्येकदा रिक्षात टाकून नेलाय.

मिस्त्रींच्या लोखंडी प्लेटचा पर्याय मी का नाकारतोय, तेही सांगतो, म्हणजे मिस्त्रींना समजावता येईल. समजा १२ मिलिमीटरची प्लेट मधे घातली. गिअरबॉक्स १२ मिलिमीटर मागे गेला. म्हणजे शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमधून तेवढंच बाहेर आलं, क्लच प्लेट स्प्लाइनच्या टोकाशी आली, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांपासून लांब गेलं आणि सेल्फचा पिनियन रिंग गिअरपर्यंत पोचेना. प्रत्येकाची वेगळी दुरुस्ती. त्याहून अवघड आहे मध्य जुळवणं. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत हवेत, आणि हे बोल्ट करत नाहीत, ते दोन डॉवेल पिना करतात. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम काटेकोर करणारे टर्नर आहेत, मी त्यांच्याकडून जीपगाड्यांच्या प्लेटा करून घेतल्या आहेत. पण तपासणी माझी मी करतो : फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचं, सुईचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरी फिरवायचा. पूर्ण फेरीत सुई पाव मिलिमीटरहून जास्त हलता कामा नये. लक्षात ठेवा, सुई दाखवते ते मध्य सरकल्याच्या दुप्पट. सुई ०.२५ हलली तर मध्य ०.१२५ सरकलाय. जिथे कंपनीचा गिअरबॉक्स मिळतच नाही, तिथे हा खटाटोप करावा. तुमच्याकडे तो मिळतोय.

आता मागची बाजू. जिप्सीत ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी लटकते, मधे छोटा प्रोपेलर शाफ्ट असतो. गिअरबॉक्स बदलला की त्याची लांबी आणि फ्लँजची भोकं दोन्ही नव्याने बघावी लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स फाउंडेशनवर पक्के बसवा, गाडी चाकांवर उभी करा, आणि मगच माप घ्या. जमिनीवर मांडून घेतलेलं माप चुकतंच. शाफ्ट कापून जोडला तर बॅलन्स करून घ्या.

ट्रान्स्फर केस मात्र तुमची जुनीच राहू द्या, असं माझं मत. ४१०ची ट्रान्स्फर हायमध्ये १.५८ आणि लोमध्ये २.५१ अशी घट देते, क्राउन-पिनियन ४.११. खात्री करायला एक मागचं चाक उचला, ते दोन फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेने मोजा. चारला थोडा वर आला की झालं. किंगच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६५ आणि पाचवा ०.७९५. ट्रान्स्फरचा लो, क्राउन-पिनियन आणि पहिला गिअर या तिघांचा गुणाकार केला तर लो-पहिल्यात ३७च्या पुढे घट मिळते. किंगला स्वतःच्या ट्रान्स्फरवर ती ३२च्या आसपास. म्हणजे शेतातल्या चिखलात तुमची गाडी किंगपेक्षा सावकाश आणि जास्त ताकदीने चालेल, आणि क्लच अर्धवट दाबून चालवायची वेळ कमी येईल. क्लच टिकतो तो असा. रस्त्यावर पाहा : टायरचा परीघ २.१ मीटर धरला तर जुन्या चौथ्यात ८०च्या वेगाला इंजिन मिनिटाला ४१०० फेऱ्यांच्या वर फिरत होतं, पाचव्यात ते ३३००च्या खाली येईल.

एस्टीमचं ऑइल चेंबर जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलच्या हाउसिंगला लागतं. चेंबर आणि आतला तेल ओढणारा जाळीचा पाइप दोन्ही किंगचे टाका, नुसतं चेंबर बदलू नका.

शेवटी बसवताना एक विनंती. गिअरबॉक्स क्लच प्लेटवर लटकू देऊ नका आणि फट राहिली तर बोल्टने ओढून बंद करू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका जीपला आठ मिलिमीटर फट राहिली होती, संध्याकाळ झाली होती, मी पोराला म्हणालो, ‘आवळ.’ गाडी गेली आणि तीनशे किलोमीटरवर परत आली, उठताना सगळी थरथरत होती. प्लेटचा हब वाकला होता. माझ्या खर्चाने सगळं पुन्हा केलं, पण त्या माणसाचा हंगामातला आठवडा गेला तो मी भरून देऊ शकलो नाही. गिअरबॉक्स हाताच्या जोराने शेवटपर्यंत सरकला पाहिजे. सरकत नसेल तर प्लेट मध्यावर नाही. उतरवा आणि जुन्या इनपुट शाफ्टने पुन्हा मध्यावर घ्या. स्प्लाइनवर ग्रीस चिमूटभरच. रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस जातं. पेडलला वरच्या बाजूला दोन-अडीच सेंटिमीटर मोकळा खेळ ठेवा आणि पहिले पाचशे किलोमीटर घाटात ओझं नेऊ नका.

प्रश्न : आमच्या जुन्या जीपला दुसऱ्या जीपचं डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवलाय. पूर्वी क्लचला सळया होत्या, आता हायड्रॉलिक केलाय. पेडल पूर्ण दाबलं तरी रिव्हर्स करकरतो. मेकॅनिक म्हणतात क्लच प्लेट खराब निघाली, पुन्हा उतरवू. उतरवू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, उतरवण्याआधी तीन तपासण्या करा, त्यांना पैसे लागत नाहीत.

इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला, तर क्लच सुटतोय. रिव्हर्सला सहसा सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारी कडी) नसतो, आतले गिअर थांबायला वेळ लागतो, एवढंच. दहा सेकंदांनंतरही करकरला, तर क्लच खरंच सुटत नाही.

मग कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि गाडीखाली स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सकडचा, फोर्क ढकलणारा) दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजा. तुमचा घोळ इथे असावा असं मला वाटतं. मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) एका गाडीचा आणि स्लेव्ह दुसऱ्या गाडीचा असला की सरक कमी पडते. मास्टर पाच अष्टमांश इंचाचा आणि स्लेव्ह पाऊण इंचाचा असेल, तर मास्टर २५ मिलिमीटर दाबल्यावर स्लेव्ह जेमतेम १७ मिलिमीटर सरकतो. तो फोर्कमधून आणखी कमी होऊन बेअरिंगला दहाच्या आसपास मिळतो, त्यातून मोकळा खेळ वजा. मास्टरही पाऊण इंचाचा टाकलात तर सरक पूर्ण २५ होईल. पेडल साधारण ४४ टक्के जड होईल, पण डिझेल जीपला ते सोसवतं. मास्टर बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. गिअरबॉक्स उतरवणं दिवसाचं.

तिसरी तपासणी : पेडल दाबताना फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला, पत्रा वाकतोय का बघा. जुन्या जीपचा पत्रा सळयांसाठी होता. त्यावर मास्टर सिलिंडर लावला की पत्राच आत-बाहेर होतो आणि निम्मी सरक तिथेच संपते. मागून चार मिलिमीटरची पट्टी लावा. हे सगळं बरोबर असूनही करकर राहिली तरच उतरवा, आणि तेव्हा आधी पायलट बेअरिंग जाम आहे का आणि क्लच प्लेट उलटी बसलीय का ते पाहा. स्प्रिंगांचा फुगीर भाग बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे असतो. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि तिथे चकचकीत गोल खूण उमटते.

प्रश्न : इंजिन बदलल्यावर आरटीओत कळवलं नाही तर काय होतं? गाडी गावातच फिरते.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : गावात फिरली तरी रस्ता सार्वजनिकच आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलंय. त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी काढा. वेगळ्या प्रकारचं इंजिन असेल तर भाग घेण्याआधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. चिपळूणच्या दादांनाही हेच सांगणं आहे, इंजिन घरात आलं असलं तरी. अपघात झाला आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळला नाही, तर विम्याच्या पैशाचा प्रश्न उभा राहतो. समोरच्या माणसाला लागलं असेल तर तो प्रश्न नुसत्या तुमच्या खिशाचाही राहत नाही. स्क्रॅपवाल्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय इंजिन गाडीत चढवू नका.